हाताला येईल ती

—नाही म्हणजे नाही हो बाई, निवडून नाही मिळणार. निवडायची हौस असेल तर पलीकडच्या धक्क्यावर जा, तिथे परातीत मांडून ठेवतात, जाड वेगळी, बारीक वेगळी, पुसूनसुद्धा देतील तुम्हाला. इथे हौदात हात जातो आणि हाताला येईल ती वाम तुमची. पटत असेल तर थांबा. — गेली. जाऊ दे. बघितलंत ना साहेब, नाक कसं उडवलं? दारात उभी राहून बोट दाखवते — ती नको, ती द्या, ती शेपटीकडची द्या — सोनाराकडे आल्यासारखी! अहो मासा आहे तो, बांगडी नाही. बसा तुम्ही. तिथे नको, ते ओलं आहे. तिथेही नको, त्या फळीला खिळा आहे, वामेचं डोकं खिळ्याला अडकवून सोलतो आम्ही, तुमची पँट अडकेल. त्या खोक्यावर बसा. मांजराला ढकला खाली. ढकला, ढकला, ती स्वतःहून नाही उठायची, माजलीत सगळी, मुंडकी खाऊन खाऊन.

तर तुम्ही आमच्या पोरीच्या प्रयोगशाळेतले. ते बघताच कळलं मला — बूट. एवढे स्वच्छ बूट घालून या धक्क्यावर माणूस एक तर कर वसूल करायला येतो नाही तर अक्कल पाजळायला. एरवी तो तुमचा गाडीवाला येतो. घुम्या. नाव असेल काहीतरी त्याला, आम्ही घुम्या म्हणतो. दर आठवड्याला येतो, मुंडक्यांची पिशवी उचलतो, मान हलवतो, चालता होतो. चहा घेतोस का विचारलं तरी मान हलवतो, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून ते मला आजतागायत कळलेलं नाही. आज साक्षात डॉक्टरसाहेब! आणि हातात पुडकं. काय आहे? मला? आभार? कसले आभार हो?

फोटो. फ्रेम करून. हं. हा काय, कांदा कापलाय? — खडा? अच्छा, कानातला खडा. माहितीये मला, सांगू नका, मला काही अगदीच हे समजू नका. मुंडक्याच्या आत मोहरीहून बारका खडा असतो, तो तुम्ही काढता, घासता, भिंगाखाली धरता आणि त्याच्यावरची वर्तुळं मोजता. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. म्हणजे बिचारीचं वय विचारायचं तर आधी मुंडकं उडवायचं! वा! आणि याला नोकरी म्हणतात, पगार देतात, वर फ्रेम करतात. आम्ही मुंडकं उडवतो तर आम्ही खाटीक. तुम्ही तेच मुंडकं फोडता तर तुम्ही डॉक्टर. ठेवा तिकडे, त्या मिठाच्या डब्यावर. भिंतीला? भिंतीला कशाला, भिंतीला धूर बसतो, महिनाभरात तुमचा कांदा करपेल.

नाही, मला खरंच हसू येतं. शेकडो वर्षं तुमच्या पंडितांना वाम विते कुठे तेच माहीत नव्हतं! कुणी म्हणे चिखलातून उपजते, कुणी म्हणे दवातून. ढिगाने वामा फाडल्या नि आत नर कुठाय, मादी कुठाय शोधत बसले. आणि शेवटी काय, तर म्हणे समुद्रात, पार तिकडे, खोल, आणि तेही अजून कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही. रात्ररात्र दिवे लावून बसायचं आणि सापडलं काय तर म्हणे, समुद्रात! समुद्र काय लहान आहे?

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या धंद्याने काय दिवे लावले. नाहीच लावले. मी कुठे म्हणतो? आमच्या आजोबांची नाव होती — पोटाला भोकं पाडलेली नाव. हसू नका, अशीच असायची. मधला खण बंद, त्याला भोकं, नदीचं पाणी आतबाहेर खेळतं ठेवायचं, वाम जिवंतच्या जिवंत खालच्या शहरापर्यंत. तिथे मोठ्या घरांचे आचारी धक्क्यावर वाट बघत उभे. त्यांना जाड जाड हव्यात, पहिल्या हव्यात. मग संध्याकाळी गिरणीतून सुटलेली माणसं यायची त्यांना काय? सुतळ्या! म्हणून आजोबांनी नियम केला — निवडायचं नाही. आचारी असो नाही तर हमाल असो, हात हौदात, हाताला येईल ती. आचाऱ्यांनी तोंड फिरवलं, पलीकडच्यांकडे गेले. पलीकडच्यांनी माड्या चढवल्या. आमच्याकडे हे. हा हौद, हा पंप, मागे वामा धुरावर शेकायची धुरी आणि वर दोन खोल्या. न्यायाचं एवढंच मिळतं.

आणि पलीकडच्यांनी पुढे काय केलं ते तरी लिहिलंय का तुमच्या कागदांत? वामेची पिल्लं समुद्रातून नदीत शिरतात तेव्हा काडीएवढी असतात, काचेसारखी, आरपार दिसतं. यांनी ती चाळणीने उपसली. पाण्याच्या पिशव्यांत भरली नि विमानाने परदेशात, तिकडच्या तळ्यांत पोसायला. बंदी आली तर कपड्यांच्या बॅगांत लपवून! पोरंच विकून खाल्ली आणि आता बोंब मारतात की नदीत वाम उरली नाही. माणसं नाहीत ती. पण त्यांच्या बैठकीत तुमचे साहेब लोक त्यांच्याच शेजारी बसतात, त्यांचाच चहा पितात. मला कुणी बोलावत नाही. बोलावलं तरी मी जात नाही.

एकदा गेलो होतो. हो, एकदाच. तिनेच सांगितलं असेल तुम्हाला? नाही सांगितलं? मग कशाला — बरं, ऐका. नगराच्या मोठ्या सभागृहात बैठक होती, नदीची. बाईसाहेब व्यासपीठावर. आमच्या बाईसाहेब. माझी मुलगी हो, दुसरी कोण! केस आवळून बांधलेले, हातात ती लाल ठिपक्याची काडी, भिंतीवर चित्रं. म्हणते, वामेची मासेमारी काही वर्षं थांबवायला हवी. थांबवायला हवी! ज्या धुराने हिचे कपडे, हिची दप्तरं, हिची गादी काळी झाली, तो धूर आता हिला नको. मी उठलो. मागच्या रांगेतून म्हटलं, आधी या लोकांना सांग कुणाच्या जिवावर शिकलीस. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. पलीकडच्या धक्क्यावरचे तर मांड्या थोपटून हसले. ती बोलायची थांबली. पाणी प्यायली. मग पुढचं चित्र लावलं. मी निघून आलो. त्यानंतर ती या दारात आली नाही, आणि मीही बोलावलं नाही. का बोलवावं? बापाने बोलवायचं का? तुम्हीच सांगा.

नाही, भांडण नाही. भांडायला बोलावं लागतं. तिच्या आईशी बोलते की. वरती. रविवारी फोन येतो, दोघींची कुजबुज चालते. माझ्यापासून लपवायला! मला काय ऐकू येत नाही? मी सरळ पंप बंद करतो. पंप चालू असला की काही ऐकू येत नाही, बघताय ना किती घुरघुरतो. बंद केला की वरचा शब्द न् शब्द. म्हणजे हिचे शब्द. पोरीचे नाही ऐकू येत. पण हिचं गप्प बसणं ऐकू येतं ना — ही गप्प झाली की समजायचं, पोरगी बोलतेय. मग मी खाली उभा राहतो. ती किती वेळ बोलते, एकदम बोलते की अडखळत, खोकला झालाय का — खोकला झाला की ही 'आलं घे, आलं घे' करते — सगळं कळतं. हवा बंद म्हणून वामा वर येऊन तोंडं उघडतात. उघडेनात. मरत नाहीत एवढ्यात. तुम्ही नोंद करून ठेवा ही पण.

आणि हे मुंडक्यांचं तिने माझ्याकडूनच सुरू केलं, पलीकडच्यांकडून नाही. एवढं मात्र बघून ठेवा. पलीकडे ढिगाने मिळाली असती. पण घुम्याला धाडलं इथे. पहिल्या दिवशी तो निरोप बोलला — तेवढंच तो आयुष्यात बोलला असेल — 'मॅडमनी सांगितलंय, कुठलीही चालतील. निवडू नका. येतील ती द्या.' बस. ना कसे आहात, ना काय. ठीक आहे, म्हटलं. पिशवी दिली. तेव्हापासून एक आठवडा चुकलेला नाही. धुरीला आग लागली होती तेव्हाही नाही. ही म्हणाली, कशाला देता, तुमच्याच गळ्यावर सुरी चालवायला निघालीये ती. मी म्हटलं, देतो. मुंडकीच तर आहेत.

आज शेवटची? — शेवटची पिशवी. असं. म्हणून फोटो. असं असं. काम संपलं म्हणायचं. परवा? परवा ती सगळ्यांपुढे मांडणार. त्याच सभागृहात. आणि मग बंद. काही वर्षं म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला कायमचंच की हो. नाही, वाईट कसलं वाटायचंय. आजोबांची नाव कुजली तेव्हा वडिलांना वाईट वाटलं नव्हतं, म्हणाले, पाणी तापवायला लाकूड झालं. आम्हाला वाईट वाटत नाही, आमच्या घरात ती पद्धतच नाही.

काय दाखवताय? मोबाइलवर नका दाखवू, चष्मा वर आहे. सांगा तोंडाने. — हां. — हां. — सगळ्या म्हाताऱ्या? बरोबर, म्हाताऱ्याच असणार. — लहान एकही नाही? इतक्या वर्षांच्या पिशव्यांत एकही नाही? अहो साहेब, हसवू नका मला! लहान कशाला असेल? लहान मुंडकी मी माझ्या पोरीला पाठवीन? काय समजलात काय मला? आठवडाभर जी काही मुंडकी पडतात त्यातली मुठीएवढी, जाडजूड, एक नंबर तेवढी मी फ्रीझरात बाजूला काढतो. स्वतः. हिला हात लावू देत नाही. बारकी-सारकी टाकतो त्या बादलीत, मांजरांना. हे काय, यांची पोटं बघा ना. 'निवडू नका' म्हणाली म्हणून काय झालं? माणूस म्हणतोच तसं! तुमच्याकडे पाहुणा आला, म्हणाला काही करू नका, काहीही चालेल, तर तुम्ही त्याला शिळंपाकं वाढता? संकोचाने म्हणायचं असतं ते. आणि घरच्या लेकीने म्हटलं तर जास्तच करायचं. ती जगाला दाखवणार, भिंगाखाली धरणार, तिच्या ऑफिसात चार लोक बघणार — म्हणतील, कुठली ही सुतळी आणलीस? म्हणतील, बाप असला कसला? मी निवडून पाठवतो. या दुकानात आजवर कुणाला निवडून दिलेलं नाही, त्या आचाऱ्यांनाही नाही, फक्त —

काय झालं? रंग का उडाला तुमचा? पाणी हवंय? धूर लागला असेल. नवीन माणसाला लागतो.

नाही, मग काय? बोला ना. — हो, लहान येतात. येतात म्हणजे, पूर्वीसारख्या नाही. पूर्वी हात घातला तर बोटांतून नुसत्या सळसळत निसटायच्या, राखेत हात बुडवल्याशिवाय धरताच यायच्या नाहीत. आता हौद अर्धाही भरत नाही. कमी झाल्या, ते मी पण सांगतो, डोळे आहेत मला. पण नाहीतच असं कुठाय? ही बघा ना बादली. कालचीच आहे. ही. ही. ही पण. — असं काय बघताय बादलीत? मुंडकी कधी बघितली नाहीत का?

थांबा. थांबा, थांबा. परत सांगा. हळू सांगा, आणि ते तुमचे पुस्तकी शब्द नकोत. — म्हणजे तिने त्यात लिहिलंय की लहान वाम नदीत येतच नाही. समुद्रातून कुणी येतच नाही, आहेत त्या म्हाताऱ्या मरेपर्यंतच नदी. ते तिने काढलं कशावरून, तर माझ्या पिशव्यांवरून. आणि माझ्या पिशव्याच का — तर म्हणे या एकाच दुकानात निवडत नाहीत. असं ती म्हणाली? कुणाला? तुम्हा सगळ्यांना? काय म्हणाली नीट सांगा. — 'माझ्या घरच्या हौदात हात घातला की जे आहे तेच येतं.'

हं.

ती घालायची हात. माहितीये का तुम्हाला? एवढीशी होती, याच खोक्यावर उभी राहायची, तुम्ही बसलात त्या. कोपरापर्यंत राख लावायची, डोळे गच्च मिटायची आणि हात आत. गिऱ्हाईक माझ्या हातावर संशय घ्यायचं, म्हणायचं, जाड आली तरी सोडलीस. तिच्या हातावर कुणी नाही घेतला कधी. लोक म्हणायचे, पोरीच्या हातची द्या. एकदा एवढी मोठी आली, तिच्याहून लांब, तिला घेऊनच हौदात पडली. रडली नाही. वर आली ती वामेला धरूनच, आणि पहिलं काय म्हणाली — डोळे नाही उघडले मी.

बस खाली. कुठे निघालास? जाऊन सांगणार? काय सांगणार? कोण विश्वास ठेवेल? अरे डोकं चालव जरा, एवढा शिकलास! दुकान बंद व्हायच्या दोन दिवस आधी म्हाताऱ्याला आठवलं की आपण निवडून पाठवत होतो! मी तिच्या जागी असतो तर म्हटलं असतं, बघा, बाप धंदा वाचवायला खोटं बोलतोय. भर सभागृहात बोलला तो बाप, खोटं बोलायला काय घाबरणार? ती बादली दाखवशील? ती म्हणेल, आणली असतील कुठून तरी. म्हणणारच. मी काही जागा ठेवलीये का तिला विश्वास ठेवायला?

आणि नाही सांगितलं तर? ते सांगू? परवा ती व्यासपीठावर उभी राहणार, काडी हातात. आणि पलीकडच्यातला एक जण, एकच पुरे, बादलीभर बारकी वाम घेऊन येणार. जिवंत. व्यासपीठावर ओतणार. म्हणणार, बाईसाहेब, लहान येतच नाहीत ना? मग ही काय गांडुळं आहेत? आणि हसणार. मी ऐकलंय त्यांचं हसणं. त्या वेळी ती नुसती पाणी प्यायली होती. आता काय पिणार? जन्माचं काम मातीत, तिचं तोंड काळं, आणि वर ती नदीही पलीकडच्यांच्याच घशात, कारण यापुढे कुणी काही म्हटलं की ते म्हणणार, तुमचं शास्त्र बघितलंय आम्ही. कमी झाल्यात हे खरं असूनसुद्धा! शहाणे रे तुम्ही लोक, भिंगं लावून लावून वर्तुळं मोजलीत, एकालाही वाटू नये की दुकानात जाऊन बघावं? एकालाही नाही? घुम्याला पाठवता! दर आठवड्याला त्याच्या डोळ्यांदेखत मी फ्रीझरातून काढायचो नि बादलीतली मांजरांना टाकायचो, मान हलवायचा नुसता!

गप्प बस. मला विचार करू दे. — अगं ए! ऐकलंस का? वरती! फोन लाव तिला. हो, आज रविवार नाहीये, माहितीये मला, लाव. काय सांगायचं म्हणजे? सांग, मी निवडून पाठवली. हो. मोठी मोठी. इतकी वर्षं. तुला नाही कळायचं, तिला कळेल, तू नुसतं सांग. आणि सांग, माझं काही ऐकू नकोस म्हणावं, माझ्यावर विश्वासही ठेवू नकोस. स्वतः ये. आज. जाळी आत्ता येतील धक्क्याला, हौदात ओतून ठेवतो, मी हात लावत नाही, हा बूटवाला साहेब साक्षीला इथे — नाही, हा पण नको, हा जाईल. तिने स्वतः यावं, स्वतः हात घालावा. डोळे मिटून. हाताला येतील तेवढी तिने न्यावी आणि काय ती वर्तुळं मोजावी. मग बंद करायचं दुकान तर कर म्हणावं. खुशाल कर. पण खरं मोजून कर. — राख आहे, सांग तिला. राख आणायची गरज नाही, राख आहे इथे.

तुम्ही उठा आता. हो, हे खोकं लागणार आहे. फ्रेम राहू दे तिथेच. बादली सोडा, बादली माझी मी बघतो. आणि तो पंप — तुमच्या उजव्या हाताला, ते काळं बटण — दाबा. दाबा, मरत नाहीत एवढ्यात.

श्श्. लागला.

'तुझे बाबा म्हणतायत' म्हणाली. सांगतेय. नीट सांगत नाहीये, उलटंसुलटं सांगतेय — मोठी मोठी, अगं मोठी मोठी! — हां. सांगितलं.

ही गप्प झाली.

जा तुम्ही आता. दार हळू लावा.